सगळेच पहिले : वाचक-पाहणीचे आकडे आणि वृत्तपत्रांची आत्मस्तुती

वृत्तपत्र हा एक विलक्षण जिन्नस आहे. तो एकाच दिवशी दोन गिऱ्हाइकांस विकला जातो. सकाळी वाचक त्यासाठी काही रुपये देतो. पण त्या रकमेतून विक्रेत्याचे कमिशन वजा केल्यावर उरणाऱ्या पैशांत कागदाचा खर्चही बहुधा भागत नाही. खरी मिळकत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून, म्हणजे जाहिरातदाराकडून होते. जाहिरातदार काही बातम्या विकत घेत नाही. त्याला हवा असतो वाचक. तेव्हा ह्या दुसऱ्या व्यवहारात वाचक हाच माल ठरतो, आणि माल म्हटला की तो मोजून देणे ओघानेच आले. वाचक किती, कोणत्या वयाचे, किती शिकलेले, त्यांच्या घरी धुलाईयंत्र आहे की नाही, ह्या प्रश्नांची उत्तरे काढणारी जी व्यवस्था गेल्या अर्धशतकात भारतात उभी राहिली, तिला आपण वाचक-पाहणी म्हणतो. ह्या पाहणीचे आकडे वृत्तपत्राच्या जाहिरात-विभागापुरते राहिले असते तर सामान्य वाचकास त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ते पहिल्या पानावर, ठळक टाइपात, खुद्द वाचकासच अभिनंदनपूर्वक सादर केले जातात. पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपले वृत्तपत्र आपणांस कळवते की ते पहिल्या क्रमांकाचे आहे. शेजारच्या घरी येणारे वृत्तपत्र त्याच दिवशी तेच कळवीत असते.

हा चमत्कार पाहण्यास बेंगळुरूइतके सोयीचे शहर क्वचितच आढळेल. १९४८ साली येथे एकाच प्रकाशनसंस्थेने ‘डेक्कन हेरल्ड’ हे इंग्रजी व ‘प्रजावाणी’ हे कन्नड दैनिक सुरू केले, आणि दीर्घकाळ शहराची सकाळ ह्या दोहोंनीच होत असे. १९९० नंतरच्या दशकात ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने किंमत उतरवून ‘डेक्कन हेरल्ड’च्या आघाडीस आव्हान दिले. ‘हिंदू’ आणि ‘न्यू इंडियन एक्सप्रेस’ होतेच. कन्नडमध्ये ‘कन्नड प्रभा’, ‘संयुक्त कर्नाटक’, ‘उदयवाणी’, ‘विजय कर्नाटक’ आणि ‘विजयवाणी’ ही दैनिके आहेत. शिवाय तमिळ, तेलुगू, उर्दू व हिंदी वृत्तपत्रे. २०११ च्या जनगणनेनुसार बेंगळुरू नगर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. एकाच घरात आजोबा कन्नड, वडील इंग्रजी आणि माहेरचा सराव न सुटलेली सून तमिळ वृत्तपत्र वाचते असे दृश्य येथे नवे नाही. ज्या शहरात वाचक इतक्या रीतींनी विभागता येतो, त्या शहरात प्रथम क्रमांकाची कधीही टंचाई भासत नाही.

येथील दोन कन्नड दैनिकांची कथा ह्या बाबतीत बोधप्रद आहे. हुबळीकडील मालवाहतुकीच्या व्यवसायातून पुढे आलेले विजय संकेश्वर ह्यांनी १९९९ साली ‘विजय कर्नाटक’ काढले. किंमत कमी, आवृत्त्या अनेक, आणि अंक पोहोचविण्यास स्वतःच्या वाहनांचा ताफा. ह्यामुळे ते अल्पावधीत जुन्या दैनिकांच्या पुढे गेले. २००६ साली त्यांनी ते टाइम्स समूहास विकले आणि २०१२ साली ‘विजयवाणी’ ह्या नव्या दैनिकाचा प्रारंभ केला. म्हणजे संकेश्वरांची स्पर्धा आता संकेश्वरांच्याच जुन्या निर्मितीशी सुरू झाली. पुढील काही वर्षांत ‘विजयवाणी’ खपाच्या प्रमाणित आकड्यांच्या आधारे आपण प्रथम असल्याचे सांगे, तर ‘विजय कर्नाटक’ वाचकसंख्येच्या आधारे. ह्यांत खोटे कोणीच बोलत नव्हते. एकाच्या अधिक प्रती विकल्या जात होत्या आणि दुसऱ्याची एकेक प्रत अधिक माणसे वाचीत होती, निदान पाहणीचे तसे म्हणणे होते. कर्नाटकातील सामान्य माणसाने मात्र दोन्ही जाहिराती वाचून ‘पहिला’ ह्या शब्दाचा अर्थ काय समजावा, हे कोणी सांगितले नाही.

खप आणि वाचक

ह्या दोन शब्दांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढील सारी करामत त्यावरच उभी आहे. खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. तो कागदोपत्री तपासता येतो. पूर्वी प्रत्येक प्रकाशक आपला खप आपणच सांगत असे आणि जाहिरातदार त्यातून आपल्या अनुभवानुसार काही हिस्सा वजा करून घेत असे. ह्यावर उपाय म्हणून १९४८ साली ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था मुंबईत स्थापन झाली. प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था अशा तिघांची मिळून ती बनलेली आहे. तिच्या वतीने हिशेबनीस कागदाची खरेदी, छपाई आणि एजंटांकडून आलेली वसुली तपासून सहामाही आकडा प्रमाणित करतात. ह्या व्यवस्थेतही पळवाटा आहेत. रद्दीच्या भावाहून स्वस्त वर्गणी लावली की काही प्रती न वाचताच रद्दीत जाण्यासाठी घरात शिरतात. तरी पण प्रत ही वस्तू आहे. ती छापावी लागते, वाहून न्यावी लागते.

वाचक ही वस्तू नव्हे. एक प्रत घरातील चौघे वाचतात, केशकर्तनालयात चाळीस जण चाळतात, आणि कित्येकदा तिचा उपयोग कोणीही न वाचता कपाटाच्या खणात अंथरण्याकडे होतो. म्हणून वाचक विचारूनच मोजावे लागतात. भारतात राष्ट्रीय वाचक-पाहणीचा आरंभ १९७० साली झाला. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘मीडिया रिसर्च युजर्स कौन्सिल’ने पुढील वर्षी दुसरी पाहणी, ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’ अथवा आयआरएस, सुरू केली. काही काळ दोन्ही पाहण्या शेजारीशेजारी चालू होत्या. हा काळ प्रकाशकांच्या दृष्टीने सुवर्णयुग म्हणावयास हरकत नाही. कारण एकीत दुसरा क्रमांक आला तर दुसरीत पहिला येण्याची आशा असे, आणि जाहिरातीत कोणत्या पाहणीचा हवाला द्यावयाचा हे सर्वस्वी ज्याच्या त्याच्या हाती होते. राष्ट्रीय वाचक-पाहणी २००६ नंतर निघाली नाही.

आता पाहणीची रीत पाहू. नमुना म्हणून निवडलेल्या घरी पाहणीदार जातो. घरातील बारा वर्षांवरील एका व्यक्तीस ठरावीक पद्धतीने निवडून तिच्यापुढे वृत्तपत्रांच्या नावांच्या पट्ट्या, म्हणजे पहिल्या पानावर जसे नाव छापलेले असते तसेच्या तसे चित्र, एकामागून एक ठेवतो आणि विचारतो, हे आपण कधी वाचले? दैनिकाच्या बाबतीत ‘काल’ असे उत्तर आले तर ती व्यक्ती त्याच्या ‘सरासरी अंकाची वाचक’ ठरते. वाचणे म्हणजे अग्रलेख वाचणे असे येथे अभिप्रेत नाही. नुसते चाळले, पाहिले, तरी पुरते. तेव्हा ज्याने काल ‘प्रजावाणी’ अर्धा तास मन लावून वाचला तो, आणि ज्याने दवाखान्यात आपला क्रमांक येईपर्यंत त्यातील सिनेमाचे पान उलटले तो, दोघेही पाहणीच्या लेखी समान वाचक होत. शिवाय बेंगळुरूत पाहणीदारापुढे एक खास अडचण उभी असते. ‘प्रजावाणी’, ‘विजयवाणी’, ‘उदयवाणी’. ‘विजय कर्नाटक’, ‘संयुक्त कर्नाटक’. दुपारी स्वयंपाकघरातून हात पुसत आलेल्या गृहिणीने ह्या साऱ्या वाण्या आणि सारी कर्नाटके अचूक ओळखून काल नेमके काय चाळले ते सांगावे, अशी अपेक्षा असते. त्यात आणखी प्रतिष्ठेचा प्रश्न. पाहणीदारासमोर आपण इंग्रजी वृत्तपत्र वाचत नाही असे कबूल करणे सुशिक्षित घरातील माणसास जड जाते. हे दोष पाहणी करणाऱ्यांना ठाऊक नाहीत असे नव्हे. नावांच्या चित्रपट्ट्या त्यासाठीच वापरल्या जातात. दोष कमी होतात. नाहीसे होत नाहीत.

पुढची पायरी गुणाकाराची. २०१७ च्या पाहणीत देशभर सुमारे ३ लाख २० हजार घरे निवडली होती, आणि बारा वर्षांवरील लोकसंख्या शंभर कोटींहून अधिक. म्हणजे सरासरीने एक उत्तरदाता तीन हजारांहून अधिक माणसांचा प्रतिनिधी झाला. त्याने ‘काल’ म्हटले की तीन हजार वाचक जन्माला येतात. ‘आठवत नाही’ म्हटले की तितकेच लोपतात. शास्त्रीय रीतीने निवडलेल्या नमुन्यात हे योग्यच आहे. भाताचे शीत चाचपून हंडीची परीक्षा करणे ही गृहिणीची रीतही हीच. मात्र गृहिणी शितावरून भात शिजला की नाही एवढेच सांगते. हंडीत शिते किती ह्याविषयी ती दावा करीत नाही.

पहिला क्रमांक मिळविण्याच्या रीती

ह्या आकड्यांतून प्रथम क्रमांक कसा काढला जातो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, बेंगळुरूत चार हजार व्यक्तींचा नमुना घेतला आणि त्यात एका इंग्रजी दैनिकाचे वाचक १० टक्के व दुसऱ्याचे ९.५ टक्के निघाले. संख्याशास्त्राच्या नियमाप्रमाणे चार हजारांच्या नमुन्यात १० टक्क्यांच्या आसपासच्या आकड्यास साधारण एक टक्का इकडेतिकडे अशी चुकीची मर्यादा असते. म्हणजे पहिल्या दैनिकाचे खरे वाचक ९ टक्के असू शकतील, ११ टक्केही असू शकतील, दुसऱ्याचेही तसेच. ह्या पाहणीवरून प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की दोघांत फारसा फरक दिसत नाही. शहरातील बारा वर्षांवरील ८० लाख लोकांना हे प्रमाण लावले की मात्र ८ लाख आणि ७ लाख ६० हजार असे आकडे मिळतात. दुसऱ्या दिवशी जाहिरातीत चाळीस हजार वाचकांची आघाडी झळकते. ती आघाडी नमुन्यातील वीस माणसांची होती, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. तेथे दोन खांब काढलेले असतात आणि आलेखाचा पाया शून्याऐवजी साडेसात लाखांवर धरलेला असतो, त्यामुळे एक खांब दुसऱ्याच्या पाचपट उंच दिसतो.

दुसऱ्या दैनिकाने निराश होण्याचे कारण नाही. त्याचा जाहिरात-विभाग तक्ते उघडतो आणि शहराचे तुकडे पाडू लागतो. सर्व वाचकांत नाही, तर पदवीधरांत पाहावे. पदवीधरांत नाही, तर पदवीधर स्त्रियांत. तेथेही नाही, तर पंचवीस ते चौतीस वयाच्या पदवीधर स्त्रियांत, त्याही वरच्या आर्थिक गटातील. कोठे ना कोठे तरी आघाडी सापडतेच. पण तोवर नमुना चार हजारांवरून सव्वाशेवर आलेला असतो, आणि चुकीची मर्यादा पाच टक्क्यांवर गेलेली असते. दहा टक्क्यांचा आकडा पाच टक्के इकडेतिकडे! अशा आकड्यावर शेतकरी बियाणे विकत घेणार नाही. जाहिरातीत मात्र तो ‘बेंगळुरूच्या नव्या पिढीची निवड’ ह्या शब्दांत अवतरतो.

वरचा आर्थिक गट ही काय वस्तू आहे, तेही येथेच सांगितले पाहिजे. २०११ साली रूढ झालेल्या नव्या वर्गवारीत घराचा वर्ग दोन गोष्टींवरून ठरतो : मुख्य मिळवत्या व्यक्तीचे शिक्षण आणि घरातील वस्तूंची संख्या. ह्या वस्तूंची अकरा नावांची यादी आहे. तीत वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, शीतकपाट, दुचाकी, मोटार इत्यादींबरोबर शेतजमिनीचाही समावेश आहे. पंख्याइतकेच वजन मोटारीस मिळते. जाहिरातदारास हव्या असलेल्या ‘अभिजन’ वाचकाची व्याख्या अशी आहे, हे त्या वाचकास कळले तर तो जरा विचारात पडेल.

ह्याखेरीज इतर रीती आहेत. नव्या दैनिकाचे वाचक वीस हजारांवरून चाळीस हजार झाले की ते ‘सर्वांत वेगाने वाढणारे’ होते. जुन्याचे आठ लाखांवरून नऊ लाख झाले तरी त्याची वाढ केवळ साडेबारा टक्केच भरते. मुख्य अंक, अर्थविषयक दैनिक आणि पुरवणी ह्या सर्वांचे वाचक एकत्र मिळवून समूहाचा आकडा सांगता येतो. एकच माणूस त्यात तीनदा मोजला गेला तर त्याने तक्रार करावयाची कोणाकडे? खप, वाचक, वाचकांतील केवळ आपलेच वृत्तपत्र वाचणारे, अशा निरनिराळ्या कसोट्यांतून सोयीची ती उचलता येते. जाहिरातीतील दाव्यास आधार असला पाहिजे असा दंडक आहे, आणि तो बहुधा पाळलाही जातो. आधार पानाच्या तळाशी, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत, संक्षेपांच्या भाषेत दिलेला असतो. अनुभव असा आहे की दाव्याचा टाइप जितका मोठा तितका तळटीपेचा लहान असतो, आणि वाचण्याजोगे जे काही असते ते तळटीपेतच असते.

२०१७ च्या पाहणीपासून ह्या कलेस नवे साधन लाभले. ‘सरासरी अंकाचा वाचक’ म्हणजे काल वाचणारा. त्याच्या जोडीला ‘एकूण वाचक’ ही कसोटी ठळकपणे पुढे आली. गेल्या एका महिन्यात ज्याने केव्हाही ते दैनिक पाहिले तो एकूण वाचक. २०१९ च्या पहिल्या तिमाहीच्या पाहणीत ‘दैनिक जागरण’चे एकूण वाचक सात कोटींच्या वर होते, आणि सरासरी अंकाचे वाचक दोन कोटींच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच पाहणीचे, एकाच वृत्तपत्राचे. रोज निघणाऱ्या दैनिकास महिन्यातून एकदा भेटणारा माणूस त्याचा वाचक म्हणावा काय? देवळात वर्षातून एकदा जाणाऱ्यास भक्त म्हणण्यास देव हरकत घेत नाही. पण पुजाऱ्याने त्या हिशेबावर रोजच्या नैवेद्याचा तांदूळ मागू नये.

नागपूरचे शून्य

वृत्तपत्रांची ह्या आकड्यांवरील श्रद्धा किती खोल आहे, ह्याची परीक्षा जानेवारी २०१४ च्या अखेरीस झाली. २०१३ ची आयआरएस नव्या रीतीने, संगणकावर उत्तरे नोंदवून आणि नवी लोकसंख्यागणना पायाभूत धरून केली होती. ती प्रसिद्ध होताच अनेक मोठ्या दैनिकांचे आकडे घसरलेले दिसले. तेव्हा टाइम्स, हिंदू, जागरण, भास्कर, लोकमत, आनंदबाजार इत्यादी अठरा वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून पाहणी सदोष असल्याचे घोषित केले. एरवी ज्यांचे एका वाक्यावर एकमत होणे अशक्य, असे प्रतिस्पर्धी एका कागदावर सह्या करते झाले.

त्यांनी दिलेले दाखले मात्र उडवून लावण्याजोगे नव्हते. पंजाबातील प्रमुख वृत्तपत्रांचे वाचक सुमारे एक-तृतीयांशाने घटलेले आणि सीमेपलीकडे हरियाणात वाढलेले, हा एक. चेन्नईहून निघणाऱ्या ‘हिंदू बिझनेस लाइन’चे वाचक खुद्द चेन्नईत जितके होते त्याच्या तिप्पट मणिपुरात निघाले, हा दुसरा. आणि तिसरा आपल्या महाराष्ट्रातील : नागपूरचे ‘हितवाद’. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १९११ साली स्थापन केलेले हे इंग्रजी दैनिक. प्रमाणित खप साठ हजारांहून अधिक. आणि पाहणीनुसार त्याचे वाचक शून्य. साठ हजार प्रती रोज विकल्या जात होत्या आणि एकही माणूस त्या वाचत नव्हता.

ह्या शून्याचा थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, त्यांतील निम्म्याच प्रती नागपुरात खपत होत्या आणि प्रत्येक प्रत दोघेच वाचत होते. तरी साठ हजार वाचक झाले. शहरातील बारा वर्षांवरील लोक वीस लाख धरले, तर हे प्रमाण तीन टक्के भरते. नमुन्यात पाचशेच माणसे असली तरी त्यांत सुमारे पंधरा ‘हितवाद’चे वाचक सापडावयास हवेत. एकही न सापडण्याचा योग दहा लाखांत एकदाही येणार नाही. तेव्हा हे शून्य दैवगतीने आले असे म्हणता येत नाही. नाव पट्ट्यांतून गळले असेल, नोंद करताना घोटाळा झाला असेल, किंवा काही मुलाखती घरी न जाताच भरल्या गेल्या असतील. क्षेत्रावरील कामात कोठे तरी मोठी गडबड होती एवढे निश्चित. मणिपूरची कथा निराळी. तेथे नमुना लहान, आणि एकेक उत्तरदाता हजारोंचा प्रतिनिधी. दोन-चार जणांनी ‘काल वाचले’ म्हटले की सारे राज्य अर्थशास्त्रज्ञांचे होऊन जाते.

म्हणजे तक्रार खरी होती. विनोद तिच्या वेळेत होता. लहान नमुना, तुकडे पाडणे, विसरभोळे उत्तरदाते, घाईतले पाहणीदार हे सारे दोष १९९५ पासून तेथेच होते. ज्या वर्षी आकडे चढते होते त्या वर्षी ह्याच पाहणीचे दाखले पहिल्या पानावर छापले गेले होते, आणि तेव्हा नमुन्याच्या आकाराविषयी एकही निवेदन निघाले नव्हते. २०१४ सालीही ज्यांना आकडे अनुकूल होते त्यांना पाहणीत काही दोष आढळला नाही. पाहणी काही काळ स्थगित ठेवण्यात आली, तिची फेरतपासणी झाली, आणि त्याच वर्षी ती ग्राह्य ठरविली गेली. पुढची मोठी पाहणी प्रसिद्ध व्हावयास जानेवारी २०१८ उजाडले. त्या दिवसापासून पुन्हा पहिले क्रमांक वाटले जाऊ लागले, आणि निवेदनावर सह्या करणारेही ते घेण्यास पुढे आले.

वृत्तपत्राने आपणच वाचकांना विचारून आकडा काढावा, हा मार्ग ह्याहून वाईट आहे, आणि त्याचा दाखला अमेरिकेत केव्हाच मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ हे साप्ताहिक अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी लाखो नागरिकांस कौलपत्रे पाठवी आणि त्यांबरोबर वर्गणीचे पत्रकही धाडी. पाहणी आणि ग्राहक मिळविणे ही दोन कामे एकाच पाकिटात होत. १९३२ पर्यंत त्याचे अंदाज बरोबर आले आणि त्याने त्यांचा डंका पिटला. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी कौलपत्रे पाठविली. नावे दूरध्वनीच्या याद्या, मोटारींची नोंदणी अशा ठिकाणांहून घेतलेली. म्हणजे मंदीच्या त्या वर्षांत ज्यांची स्थिती बरी होती अशांची. सुमारे तेवीस लाख परत आली आणि त्यांवरून लँडन ५७ टक्के मते मिळवून विजयी होणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ह्यांना ६१ टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि लँडन ह्यांच्या वाट्यास दोनच राज्ये आली. जॉर्ज गॅलप ह्यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला होता. इतकेच नव्हे तर ‘डायजेस्ट’ कोणती चूक करणार हेही आधी सांगून ठेवले होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. आपल्याकडील नियतकालिके अंकात कूपन छापून ‘आमच्या वाचकांपैकी ९० टक्के वाचकांना अंक उत्कृष्ट वाटतो’ असे जाहीर करतात तेव्हा रीत तीच असते. ज्यांना अंक कंटाळवाणा वाटला ते कूपन कापून, पाकिटात घालून, तिकीट लावून तसे कळविण्याचा खटाटोप करीत नाहीत.

ही सारी गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण आकड्यामागून पैसा चालतो. जाहिरातसंस्थेतील माणूस शहरानुसार यादी काढतो, वरची दोन-तीन नावे घेतो आणि बाकीच्यांवर रेघ ओढतो. वाचक शून्य नोंदलेल्या दैनिकास त्या वर्षी त्याच्या प्रतिनिधीने काय सांगावयाचे? मोठा समूह एका वर्षीची घसरण सोसू शकतो. एका जिल्ह्याचे, एका भाषेच्या अल्पसंख्य वाचकांचे दैनिक ती सोसू शकत नाही. शासकीय जाहिरातींच्या वाटपासाठी केंद्राने २०१६ साली गुणांची पद्धत आणली. तीत शंभरांपैकी सर्वाधिक २५ गुण प्रमाणित खपासाठी ठेवले होते. तेथे खप होता, वाचक-पाहणी नव्हती, हे त्यातल्या त्यात बरे. आणि बेंगळुरूचा जो वाचक पहिल्या पानावरील अभिनंदन वाचतो, त्याला आपल्या शहरात पाण्याच्या टँकरचा भाव काय झाला, तलावात फेस कशाने आला, ह्याची बातमी तेवढ्या जागेत मिळाली असती.

आयआरएसचा २०१९ च्या चौथ्या तिमाहीचा अहवाल मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची माहिती त्या वर्षी मार्चपूर्वी गोळा केलेली होती. त्याच महिन्यात टाळेबंदी लागली, सोसायट्यांच्या फाटकांवर वृत्तपत्रविक्रेत्यांस अडविण्यात आले, आणि अनेक घरांनी जे बंद केले ते पुन्हा सुरू केले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे नवी पाहणी निघाली नाही. त्यामुळे २०२३ आणि २०२४ सालच्या दरपत्रकांतही आधार म्हणून २०१९ चेच आकडे दिलेले आढळत. बेंगळुरूतील जे घर तेव्हा पाहणीदाराने गाठले होते, त्या घराचे बिऱ्हाड एव्हाना हलले असेल, आजोबा निवर्तले असतील, मुलगी परदेशी गेली असेल. तळटीपेत मात्र ते सारे अजून एकत्र राहत होते, आणि त्यांनी काल वृत्तपत्र वाचले होते.